वाडी लावायला शिकायचं कुणाकडून: आजी, मोबाईल की कृषी विज्ञान केंद्र?

घरामागे जागा रिकामी आहे, मोरीचं पाणी वाहून जातं आणि आठवडी बाजारात पावभर दोडक्याचा भाव ऐकून पिशवी तशीच परत आणावीशी वाटते. मग वाडी, म्हणजे परसबाग, लावायचं ठरतं. शिकायला तीन ठिकाणं हाताशी असतात: गल्लीतली एखादी आजी, हातातला मोबाईल आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. माझं मत आधीच सांगते. घरापुरती भाजी हवी असेल तर पहिलं वर्ष आजीचं. रोपं, कलमं करून विकायची असतील तर थेट केंद्र. मोबाईल दोन्हीकडे लागतो, पण गुरू म्हणून नाही.

पाणी आणि माती

व्हिडिओतला माणूस बहुधा गच्चीवर, कुंडीजवळ उभा असतो. "रोज सकाळी पाणी द्या" हे त्याच्या कुंडीला लागू पडतं. आपली विदर्भातली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून बसते. तिच्यात रोज पाणी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची सुकल्यासारखी मान टाकते. ती सुकली म्हणून आपण आणखी पाणी देतो. आजी जाता जाता म्हणेल, "कायले पाणी टाकून राह्यली वो? ढेकूळ फोडून पाय ना." बोटांत दाबलेल्या मातीचा गोळा झाला, तर आज पाणी नाही. हे शिकायला दहा मिनिटांची प्रस्तावना ऐकावी लागत नाही.

पण आजीला जमिनीतला चुना दिसत नाही, आणि इथे ती कमी पडते. लिंबाची किंवा संत्र्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की चुनखडीच्या जमिनीत बहुधा लोह कमी पडलेलं असतं. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची शंका घ्यायची. आजी दोन्हींवर चुलीची राख टाकायला सांगते, मोबाईल अंड्याची टरफलं. चुनखडीच्या जमिनीत टरफलं म्हणजे आणखी चुना, आणि राखही त्याच वळणाची. अशा वेळी माती तपासून घ्यावी, ती सोय केंद्र करून देतं. नमुना मात्र नीट न्या: जागोजागी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खड्डे करून त्यांच्या कडांची माती खरवडायची, एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो न्यायची. उकंड्याजवळची किंवा झाडाखालची माती त्यात नको. तुमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असेल तर विहिरीचं पाणीही बाटलीत भरून न्या. तिथे दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, पाण्याचा असतो.

कधी लावायचं आणि बी कोणतं

यात आजीच्या तोडीचं कुणी नाही. मृगात वेल, हिवाळ्यात सांभार (कोथिंबीर), पालक आणि भेदरं (टोमॅटो), हा तिचा पाठ झालेला हिशेब. मोबाईल उन्हाळ्यात टोमॅटो लावायला सांगतो. सांगणाऱ्याच्या गावचा उन्हाळा कदाचित सौम्य असेल. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोची फुलं गळतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ ची बातमी होत नाही. सांभार पेरायच्या आधी आजी धणे चपलेच्या टाचेखाली रगडते. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या झाल्या की उगवण चांगली होते.

बियाणं राखायचंही तिच्याकडूनच शिका: वेलावर वाळू दिलेला दोडका, राखेत ठेवलेलं वालाचं बी. फक्त पाकिटातल्या संकरित बियाण्याला हा नियम लावू नका. त्याच्या फळातलं बी उगवतं, पण पुढची झाडं आईसारखी निघतीलच असं नाही.

मोबाईल कुठे खरंच कामाचा

वेलाला फुलं आली, फळ धरत नाही, ही नवख्यांची ठरलेली तक्रार. आधी नर फुलं येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीच असतं. हे शब्दांत सांगण्यापेक्षा व्हिडिओत चांगलं कळतं. हाताने परागीकरण कसं करायचं तेही दिसतं. तरी वेळ मात्र आपल्या वेलाकडे पाहूनच ठरवा. व्हिडिओ बहुतेक भोपळ्याचे असतात आणि "पहाटे करा" म्हणतात. दोडक्याची आणि दुधी भोपळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी गेलात तर फूल मिटलेलं. किडीचा फोटो मोठा करून पाहायला मोबाईल उत्तम. औषध मात्र फोटोवरून ठरवू नका. त्यासाठी किसान कॉल सेंटर आहे: १८००-१८०-१५५१, फुकट, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात.

कलम, रोपवाटिका आणि पैशाचा विषय

जंबेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा भरणं, म्हणजे डोळ्याचं कलम करणं, नुसतं पाहून येत नाही. साल किती खोल कापायची, डोळा काढताना मागे लाकूड किती राहू द्यायचं, पट्टी किती आवळायची, हे शेजारी कुणी उभं राहून हात धरल्याशिवाय जमत नाही. आजीकडे ही कला क्वचित असते. वरूड तालुक्यात शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत नात्यागोत्यातलं कुणी असेल तर एक हंगाम तिथे काढावा, नाहीतर केंद्राचं प्रशिक्षण धरावं. सेलसुरा, सिंदेवाही, करडा, सोनापूर, विदर्भात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात केंद्र आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शिवार फेरी भरवतं, तेव्हा एका दिवसात जेवढे वाण उभे दिसतात तेवढे कागदावर समजणार नाहीत.

केंद्राची अडचण सरळ आहे. जायला एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडते, आणि कार्यक्रम आपल्या हंगामात असेलच असं नाही. बायकांना घरून एकटीनं निघणं त्याहून अवघड. यावर एक उपाय आहे: केंद्रं गावात येऊनही प्रशिक्षण घेतात. बचत गटाच्या पंधरा-वीस जणी जमवा, विषय ठरवा ("भाजीपाला रोपवाटिका" म्हणा, नुसतं "शेती" नको) आणि मृगाच्या महिनाभर आधी अर्ज द्या. आजीलाही त्यात बसवा. राखेवरून तिची आणि साहेबांची जुंपली तर ऐकणाऱ्यांचं शिकणं त्यातच होईल.