एकटीचा धंदा आणि व्हॉट्सॲप बिझनेस: तीन वर्षं वापरल्यावर

मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते. कागद कापणं, घड्या घालणं, दाभणाने भोकं पाडणं, शिवणं, कापड चढवणं, पॅक करणं आणि येणाऱ्या प्रत्येक मेसेजला उत्तर देणं, सगळं मी एकटीच करते. त्यामुळे व्हॉट्सॲप बिझनेस या छोट्या धंद्यांसाठीच्या ॲपचं हे परीक्षण एका माणसाच्या धंद्यातून लिहिलंय. दहा जणांचं ऑफिस असेल तर तुमचा अनुभव वेगळा असेल.

हे ॲप घेण्याआधी माझ्या ऑर्डरी साध्या, घरच्या व्हॉट्सॲपवर यायच्या. एके दिवशी एका कार्यशाळेसाठी तीस वह्यांची विचारणा आली. मी हात खळीने भरलेले असताना ती वाचली, संध्याकाळी उत्तर देऊ म्हटलं. तोवर घरच्या ग्रुपवरचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पार्सलवाल्याचे मेसेज वर येऊन बसले आणि ती विचारणा खाली गेली. चौथ्या दिवशी शोधून काढली, तेव्हा त्यांनी दुसरीकडून वह्या घेतल्याही होत्या. मेसेज वाचलेला, निळ्या खुणा उमटलेल्या आणि उत्तर नाही. समोरच्याला ते कसं वाटलं असेल, हे मला आजही टोचतं. त्याच रात्री मी व्हॉट्सॲप बिझनेस उतरवून घेतलं.

ॲप फुकट आहे. जानेवारी २०१८ मध्ये ते अँड्रॉइडवर आलं, आयफोनवर पुढच्या वर्षी. पहिला निर्णय नंबरचा असतो आणि तो घाईत घेऊ नका. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. मी धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं. ज्यांच्याकडे लँडलाइन आहे त्यांना त्याच नंबरावरही खातं उघडता येतं, कारण पडताळणीचा कोड फोन करून सांगण्याची सोय आहे. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. वेगळ्या नंबरामुळे माझा एक फायदा असा झाला की रात्री साडेआठनंतर धंद्याचा फोन मी दुसऱ्या खोलीत ठेवू शकते.

आता मुख्य गोष्ट, लेबल, म्हणजे प्रत्येक चॅटला लावायची नावाची खूण. मला विचाराल तर हे ॲप लेबलसाठीच घ्यावं. सुरुवातीला नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशी पाच तयार मिळतात आणि एकूण वीसपर्यंत करता येतात. मी उत्साहाने चौदा केली होती. कोणत्या चॅटला कोणतं लावायचं याचाच विचार करत बसायचे. आता सहाच उरलीत: माप ठरतंय, पैसे यायचेत, शिलाईत, खळ वाळतेय, पाठवली, पुन्हा विचारायचं. ही नावं माझ्या कामाच्या टेबलावरून आलीत. वही टेबलावर जिथे असते तिथलंच नाव चॅटवर असतं. त्यामुळे कुणी ‘ताई, माझी वही कुठपर्यंत आली?’ असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. ‘पुठ्ठ्यावर कापड चढवलंय, रात्रभर वजनाखाली ठेवते, उद्या निघेल’ हे उत्तर अर्ध्या मिनिटात जातं. ग्राहकाला एवढंच हवं असतं.

सगळ्यांत जास्त ऑर्डरी ‘पुन्हा विचारायचं’ या लेबलने मिळवून दिल्या. माप विचारून, कागद विचारून जे गप्प होतात त्यांना मी हे लावते आणि आठवड्यातून एकदा ती यादी उघडते. एकच ओळ लिहिते: ‘तुम्ही कोऱ्या पानांची वही विचारली होती, अजून हवी आहे का?’ दुसऱ्यांदा कधीच विचारत नाही. आधी मला वाटायचं की हे लोक महाग म्हणून गेले. विचारल्यावर कळलं की बरेचसे नुसते विसरले होते.

क्विक रिप्लाय म्हणजे आधी लिहून ठेवलेली उत्तरं. तिरकी रेघ टाइप करून छोटा शब्द लिहिला की पूर्ण उत्तर समोर येतं. पन्नासपर्यंत ठेवता येतात, माझी अकरा आहेत. यात मी एक चूक वर्षभर केली. माझं कागदाबद्दलचं पहिलं उत्तर असं होतं: ‘आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत. आमच्याकडे विविध प्रकारचे उच्च दर्जाचे कागद उपलब्ध आहेत.’ हे गेलं की समोरून शांतता. मी एकटी असताना ‘आम्ही’ कुठून आलो, आणि ‘विविध प्रकार’ वाचून कुणाला काय कळणार? आता उत्तर असं आहे: ‘शाईपेनाने लिहिता की बॉलपेनने? त्यावर कागद ठरवते. शाईपेन असेल तर जाड कागद लागेल, नाहीतर शाई मागच्या पानावर उतरते.’ हे वाचून लोक आपल्या पेनाचं नाव सांगतात, काहीजण अक्षराचा फोटो पाठवतात. तयार उत्तर शेवटी ग्राहकाला काहीतरी विचारणारं असावं, म्हणजे बोलणं पुढे सरकतं. एक नवी ऑर्डर तर फोटोतल्या ठसठशीत अक्षरावरून ठरली. मी रेघांमधलं अंतर दोन मिलिमीटरने वाढवून दिलं.

ग्रीटिंग मेसेज ग्राहकाने पहिल्यांदा लिहिल्यावर आपोआप जातो, किंवा चौदा दिवस काही बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. तिथे स्वागताचे हार घालण्यापेक्षा उत्तर कधी मिळेल ते सांगा. माझ्यात लिहिलंय की दुपारी एक ते दोन आणि संध्याकाळी सहानंतर मी मेसेज बघते, बाकी वेळ हात कामात असतात. ही वेळ मी पाळते. आपोआप जाणारा मेसेज वचन देतो आणि ते पाळायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

कॅटलॉग, म्हणजे आपल्या वस्तूंची फोटोंसह यादी, हा दिसायला सगळ्यांत आकर्षक भाग. पाचशेपर्यंत वस्तू, प्रत्येकीचे दहापर्यंत फोटो. वस्तू टाकल्यावर आधी तपासणी होते, मग ती लोकांना दिसते, तेव्हा आदल्या रात्री टाकून सकाळी जाहिरात करू असा बेत ठेवू नका. माझ्याकडे तेवीस वस्तू आहेत. वर्णनं लिहायला मी एकदा कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली. भाषा गुळगुळीत आली, पण प्रत्येक वही ‘अप्रतिम’ आणि ‘खास तुमच्यासाठी’ झाली. मी ती सगळी काढली आणि आकडे लिहिले: १९२ पानं, सोळा पानांचं एक अशी बारा जुजं (घडी घालून एकत्र शिवलेले कागदांचे गठ्ठे), कोरा कागद, मागे खिसा. व्याकरण तपासायला आणि लांबलेलं वाक्य आखूड करायला ही साधनं फार चांगली आहेत. वस्तू मात्र ज्याने हातात धरलीय त्यानेच सांगावी.

फोटोंबद्दल एकच सांगते. मुखपृष्ठाच्या देखण्या फोटोंपेक्षा एका साध्या फोटोने मला जास्त विचारणा मिळवून दिल्या. त्यात वही मधोमध उघडून टेबलावर हातही न लावता सपाट पडलेली दिसते आणि मधल्या घडीत शिलाईचा दोरा दिसतो. जुजबंदीची वही सपाट उघडते, चिकटवलेली पुन्हा मिटू बघते. हे समजावायला मी आधी परिच्छेद लिहायचे. तुमच्या वस्तूतही अशी एक जागा असेल, जिथे तिचं वेगळेपण डोळ्यांना दिसतं. पहिला फोटो त्या जागेचा टाका.

कॅटलॉग शिल्लक मोजत नाही. ग्राहक वस्तू कार्टमध्ये भरून पाठवतो ती आपल्याकडे मेसेज म्हणून येते, कपाटात ती वस्तू आहे की नाही हे आपणच बघायचं. एकच नग असलेली वही विकली गेली की मी लगेच कॅटलॉगमध्ये ती लपवते. रोज शंभर ऑर्डरी असतील तर हे हाताने जमणार नाही, तिथे शिल्लक आणि बिल सांभाळणारं दुसरं काहीतरी लागेल.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याच्या सोयीबद्दल, लोक तक्रार करतात. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मीही सुरुवातीला चिडले होते. त्याच सुमारास एका सॉफ्टवेअरवाल्याने मला गाठलं. त्याच्याकडे हजारो नंबरांची तयार यादी होती आणि एका क्लिकवर सगळ्यांना जाहिरात जाईल असं तो म्हणाला. मी घेतलं. असे न विचारता घाऊक मेसेज पाठवणं व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाही, हे मी वाचलं नव्हतं, आणि त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझा नंबर बंद. ‘शिलाईत’ या लेबलखाली तेव्हा नऊ चॅट होत्या, नऊ जणांचे पैसे माझ्याकडे आलेले आणि त्यांच्याशी बोलायला रस्ता नाही. दाद मागून नंबर परत सुरू होईपर्यंतचे दिवस मी पार्सलच्या जुन्या पावत्यांवरून पत्ते शोधण्यात घालवले. नऊच्या नऊ वह्या पोचल्या, पण तशी धास्ती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. ऑर्डर आली की नाव, नंबर, पत्ता आणि वहीचं माप मी शिवलेल्या एका रजिस्टरमध्ये हाताने लिहिते. ॲप मेटाचं आहे, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीचं, जिने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतलं. नियम त्यांचे, बदल त्यांचे. ग्राहकांची यादी मात्र माझी असली पाहिजे. दुसरं म्हणजे, प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी जाते: ‘नव्या वह्यांचे फोटो महिन्यातून एकदा हवे असतील तर हा नंबर सेव्ह करून हो म्हणून कळवा.’ माझ्या यादीत आज १४० नावं आहेत. प्रत्येकाने स्वतःहून हो म्हटलंय. फोटो पाठवले की त्याच दिवशी उत्तरं येतात. आधी ज्या अटीवर चिडले होते तिचाच आता मला आधार वाटतो.

यापुढची पायरी म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस प्लॅटफॉर्म, ज्याला सगळे एपीआय म्हणतात: फोनवरच्या ॲपऐवजी धंद्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला व्हॉट्सॲप जोडण्याची सोय. मे २०२२ पासून मेटाने त्याची क्लाउडवरची आवृत्ती सगळ्या आकाराच्या धंद्यांना खुली केली. तिथे ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणाने बोलता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला मेसेजचा साचाच पाठवावा लागतो, आणि जुलै २०२५ पासून अशा साच्यांचे पैसे मेसेजमागे लागतात. डिजिटल मार्केटिंगची सेवा विकणारे लोक पहिल्याच भेटीत हे गळ्यात मारू बघतात. उत्तर देणारी माणसं दोन-तीन असतील तर साध्या ॲपला फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, तेवढ्यावर आधी काढून बघा.

आकडेवारीचं पान किती मेसेज गेले, पोचले, वाचले गेले ते दाखवतं. मी त्यावर फार वेळ घालवत नाही. महिनाअखेरीस लेबल मोजते. गेल्या महिन्यात चाळीस विचारणा आल्या, सतरा वह्या गेल्या. उरलेल्या तेवीस चॅट एकेक करून वाचल्या, तेव्हा दिसलं की त्यांतल्या अकरा जणांनी माझ्या ठरलेल्या वेळेबाहेर विचारलं होतं आणि उत्तर जाईपर्यंत पाठ फिरवली होती. या महिन्यात सकाळची अर्ध्या तासाची एक वेळ वाढवलीय.

आज सुरू करत असाल तर कॅटलॉगला सगळ्यांत शेवटी हात लावा. पहिल्या दिवशी वेगळा नंबर आणि सहा आकड्यांचा पिन घालून दुहेरी पडताळणी. दुसऱ्या दिवशी तुमचं काम ज्या टप्प्यांतून जातं ते टप्पे कागदावर लिहा आणि त्यांचीच लेबल करा. मग पंधरा दिवस लोक काय विचारतात ते नुसतं टिपत राहा. जो प्रश्न पाच वेळा आला त्याचं क्विक रिप्लाय लिहा, आणि लिहिल्यावर ते घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.