मातेरा की लेच्चे? बारीहून एकच गाव पाहायचं असेल तर

दक्षिण इटलीतल्या बारीला मुक्काम आहे, हाताशी वेळ थोडा आहे आणि मातेरा की लेच्चे हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही गावं मऊ चुनखडकाची. मातेराने तो खडक पोखरून त्यात घरं केली, तर लेच्चेने तो कापून चर्चच्या दर्शनी भिंतींवर नक्षी कोरली.

मातेराचा जुना भाग म्हणजे सास्सी. ग्राविना नदीच्या खोल घळीच्या कडेला सास्सो काव्हेओसो आणि सास्सो बारिसानो या दोन वस्त्या उतरत जातात. कितीतरी ठिकाणी खालच्या घराचं छप्पर हीच वरच्या घराची वाट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे एकाच गुहेत आईवडील, पोरंबाळं, गाढव आणि कोंबड्या राहत. मलेरिया होता, लहान मुलं फार दगावत. देशाला त्याची लाज वाटू लागली आणि १९५२च्या कायद्याने वस्ती हलवायला सुरुवात झाली. सुमारे १५ हजार माणसं नव्या वसाहतींत गेली. त्याच सास्सींना १९९३मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं आणि २०१९मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं.

इथे दोन गोष्टी चुकवू नका. पहिली, व्हिको सोलितारिओमधलं मांडून ठेवलेलं गुहाघर. तिथला पलंग आणि जनावरांची जागा यांतलं अंतर पाहिलं की वरचा इतिहास अंगावर येतो. दुसरी, मुख्य चौकाखालचं पालोम्बारो लुंगो. खडकात हाताने खोदलेल्या या टाक्यात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावायचं. पाण्यासाठी माणसांनी उपसलेले इतके कष्ट मला कुठल्याही कॅथेड्रलपेक्षा मोठे वाटतात.

लेच्चेचा इतिहास पाहायला सोपा आहे. सांत'ओरोंत्सो चौकात रोमन अँफिथिएटर (गोलाकार खुलं प्रेक्षागार) अर्धवट उघडं पडलेलं आहे. उरलेलं अजून आजूबाजूच्या इमारतींखाली आहे. पाच-सात मिनिटं चाललं की सांता क्रोचे. १५४९मध्ये सुरू झालेलं हे चर्च १६९५मध्ये पुरं झालं. दर्शनी भिंतीवरच्या सज्जाखाली माणसं, पशू आणि चित्रविचित्र प्राणी भार पेलत उभे आहेत. ही भिंत उन्हं कलताना पाहा, दगड मधाच्या रंगाचा होतो. काथेद्रालचा चौक आणि कागदाच्या लगद्याच्या मूर्ती घडवणाऱ्यांची दुकानंही जवळच आहेत.

गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तर लेच्चेच घ्या. रस्ते सपाट आहेत, मातेरात सगळ्या पायऱ्या. शाकाहारींची फारशी अडचण दोन्हीकडे होत नाही. वाटलेल्या बाकल्याबरोबर (ब्रॉड बीन्स) कडसर चिकोरीची भाजी पोटभरीची होते. लेच्चेचा पास्तिचोत्तो (क्रीम भरलेली गोड पेस्ट्री) मात्र अंड्याचा, हे लक्षात असू द्या.

एका दिवसात जाऊन यायचं असेल तर माझं मत लेच्चेला. बारीहून मुख्य मार्गावरची रेल्वे थेट जाते. पण एक रात्र काढता येत असेल तर मी निःशंकपणे मातेरा सुचवेन. दिवसाची गर्दी ओसरल्यावर त्या गल्ल्यांमधून निवांत हिंडता येतं. मातेराला मात्र रेल्वेने जायचं तर छोटी नॅरोगेज गाडी घ्यावी लागते आणि रविवारी कधीकधी तिच्याऐवजी बस असते, तेव्हा वेळापत्रक आधी तपासा.