एनएसीची फसफसणारी गोळी : कफासाठी लै कामाची, लिव्हरसाठी डबे घेऊ नका

आमच्या परभणीत आता मेडिकलवर जाऊन नुसतं "एनएसी द्या" म्हणलं तरी गोळी हातात पडते, आणि ऑनलाइन तर लिव्हर, फुप्फुस, अँटीऑक्सिडंट असं सगळं एकाच डब्यात म्हणून विकायलेत. आमच्या घरात दोन्ही प्रकार आलेत. अण्णांना छातीच्या डॉक्टरनी लिहून दिलेली 600 एमजीची पाण्यात टाकायची गोळी, आणि वाळूजला कंपनीत असलेल्या भाच्यानं जिममधल्या पोराचं ऐकून मागवलेला कॅप्सूलचा डबा. आतलं औषध एकच, एन-ॲसिटाइल सिस्टीन, म्हणजे सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवलेलं. पण कशासाठी घ्यायलोत त्यावर सगळा फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहायलो.

आधी अण्णांचं. सगळी उमर जिनिंगमधी गेली, रूईचा फुफाटा नाकातोंडात, त्यात बिडी, आणि घरी चुलीचा धूर. फुंकायच्या टेस्टमधी सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार. सकाळी उठलं की बेडका गोंदासारखा घट्ट, सुटतच नव्हता, खोकून खोकून बरगड्या धरून बसायचे आणि माय पाठ चोळत बसायची. पंप चालू होताच, त्याच्या जोडीला ही गोळी दिली. थोड्याच दिवसात कफ पातळ होऊन सुटायला लागला, आता सकाळी खोकतात पण दोन-चार खोकल्यात मोकळं होतं, आणि रात्रीची झोप लागायली, हे आमच्यासाठी लै मोठं आहे. दम मात्र त्यानं कमी झाला नाही, जिना चढला की धाप लागतेच, त्याला पंपच लागतो. गोळी सुरू झाली म्हणून पंप बंद करणारे लोक मी पाहिलेत, तसं अजिबात करू नका.

कफातले चिकट धागे गंधकाच्या जोडांनी एकमेकाला बांधलेले असतात, हे औषध ते जोड तोडतं. 1960 च्या दशकापासून कफासाठी वापरात आहे, म्हणजे आजकालचं फॅड नाही. पण डोसचा विषय डॉक्टरवरच सोडा. चीनमधे सीओपीडीच्या हजारावर पेशंटला 600 एमजी दिवसातून दोनदा असं वर्षभर दिलं, त्याचा निकाल 2014 ला आला, त्यात त्रास अचानक वाढायचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. त्याच्या आधी 2005 ला युरोपातला अभ्यास आला होता, 523 पेशंट, रोज एकच 600 ची गोळी, तीन वर्षं, त्यात फुप्फुसाची घसरण काही थांबली नाही. म्हणजे कफ सुटायला मदत होते, पण गेलेलं फुप्फुस परत येत नाही, आणि "फुप्फुस साफ करतं" असं डब्यावर लिहिणं मला पटत नाही.

आता लिव्हर. इथं खरी गोष्ट आहे, आणि तिचाच फायदा घेऊन डबे विकले जातात. आपलं शरीर ग्लुटाथिओन नावाचं अँटीऑक्सिडंट स्वतःच बनवतं, ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तिघांपासून, आणि एनएसी त्यातलं सिस्टीन पुरवतं. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं की लिव्हरमधलं ग्लुटाथिओन संपतं आणि लिव्हर खराब व्हायला लागतं, अशा वेळी दवाखान्यात एनएसी देतात आणि पहिल्या 8 तासात मिळालं तर लिव्हर वाचायची शक्यता लै चांगली असते. जीव वाचवणारं औषध आहे हे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. पण ते इमर्जन्सीतलं काम, वजन पाहून, बहुतेक वेळा सलाईनमधून, डॉक्टरच्या नजरेखाली. त्यावरून रोज एक कॅप्सूल खाल्ली की सोनोग्राफीत आलेलं फॅटी लिव्हर उतरेल असं होत नाही, त्याला तसा भक्कम पुरावा नाही. तोंडानं घेतलेल्या एनएसीपैकी जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहून कमीच जसंच्या तसं रक्तात पोचतं. भाच्याला डॉक्टरनी सांगितलं होतं वजन उतरव, दारू सोड, तर ह्यानं डबा आणला आणि शनिवारची पार्टी चालूच ठेवली. मी त्याला रागावूनच बोललो. अमेरिकेत तर 2020 मधे तिथल्या औषध प्रशासनानं हँगओव्हरचा इलाज म्हणून एनएसी विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती.

डब्याचं सांगायचं तर उघडला की सडक्या अंड्यासारखा वास आला. गंधक आहे म्हणून थोडा वास येतोच, ते नॉर्मल आहे, मेडिकलच्या गोळीलाही येतो पण संत्र्याच्या चवीत दबून जातो. डब्याची किंमत मात्र गोळीच्या मानानं खूपच जास्त होती. माझ्याकडून कफासाठी गोळीला पाचपैकी चार, लिव्हरच्या नावानं घेतलेल्या डब्याला एक.

घ्यायच्या आधी काही गोष्टी नक्की पाहा. दमा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, काही जणांच्या श्वासनळ्या आवळतात, विशेष करून वाफेतून दिलं तर. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी घेणाऱ्यांनी तर आधी सांगाच, दोन्ही मिळून बीपी एकदम खाली येऊ शकतं आणि डोकं ठणकतं. अल्सर झालेला असेल तरी सांगा. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, बीपीवाल्यांनी लक्षात ठेवावं. आणि आपल्याकडं मेडिकलवाला सोबत खोकला दाबायचं सिरप पण देऊन टाकतो, ते घेऊ नका, कफ पातळ झाला आणि खोकलाच दाबला तर तो छातीतच साठतो. दोन आठवड्याच्या वर खोकला असेल, वजन उतरायलं असेल, संध्याकाळी कणकण वाटायली असेल तर गोळी राहू द्या, आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी तिथं फुकट होते.

गोळी अर्ध्या ग्लास साध्या पाण्यात टाकायची, पूर्ण विरघळली की लगेच प्यायची, करून ठेवायची नाही. पावसाळ्यात पाकीट लागेल तेव्हाच फोडा, ओल लागली की गोळी फुगते आणि कामाची राहत नाही.