आठ महिने फेडर वापरल्यावर: नाइट की सामुराई?

नाइट (मध्ययुगीन युरोपातला चिलखती योद्धा) आणि जपानचा सामुराई समोरासमोर आले तर कोण जिंकेल, हा वाद मी कॉलेजपासून घालत आलोय. माझी बाजू कायम सामुराईची. एकीकडे कटानाची, म्हणजे सामुराईच्या वक्र तलवारीची, धार आणि ती चपळाई, दुसरीकडे पत्र्याच्या डब्यात कोंबलेला माणूस. यात वाद घालण्यासारखं आहे तरी काय, असं वाटायचं. आठ महिन्यांपूर्वी सरावाची बोथट पोलादी लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी धरायची लांब, सरळ युरोपीय तलवार, घेतली ती खरं सांगायचं तर समोरच्यांची तोंडं बंद करायला. आमच्या तलवारबाजीच्या गटात एकाकडे बोथट पोलादी कटाना आधीपासून होती, त्यामुळे जोडी जमली.

आधी वस्तूबद्दल. या प्रकाराला फेडर म्हणतात. जर्मन तालमींत जुन्या काळी सरावाला अशाच तलवारी असत. पातं अरुंद, टोक गोल केलेलं, कडा बोथट, आणि मुठीजवळ पातं एकदम रुंद होतं, म्हणजे वजन हाताकडे राहतं. पुढचा भाग लवचीक, त्यामुळे भोसकलं तर पातं वाकतं, समोरच्याची बरगडी वाचते. माझीची लांबी १२८ सेंमी, वजन १.४ किलो. मध्ययुगीन तलवारी पाच-सहा किलोच्या असायच्या, ही समजूत ती हातात घेताच गेली. खऱ्या लढाऊ लाँगस्वोर्डसुद्धा साधारण १.२ ते १.६ किलोच्याच असत. मित्राची कटाना १.१ किलोची. पण गंमत अशी, की हातात तीच जड वाटते. माझी तलवार मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या पट्टीपासून चार बोटांवर तोलली जाते, त्याची बरीच पुढे. वार बसताना तो भार त्याच्या बाजूने असतो, पण फसलेला वार मागे खेचताना त्याच्याच मनगटावर येतो.

पहिले दोन महिने मी सपाटून मार खाल्ला. तो चार वर्षं सराव करतोय, मी नवखा. तेव्हा मला वाटलं, बघा, कटानाच श्रेष्ठ. मग एक दिवस आम्ही हत्यारं बदलली, आणि माझ्याच फेडरने त्याने मला आणखी झोडपलं. एवढ्या वर्षांच्या वादात हा साधा प्रयोग कुणाला का सुचला नसेल!

तिसऱ्या महिन्यापासून थोडा हात बसला आणि मग खरे फरक दिसू लागले. सगळ्यात मोठा फरक पल्ल्याचा. माझं पातं त्याच्यापेक्षा वीतभर लांब आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याला माझ्यापर्यंत पोचायला एक पाऊल जास्त टाकावं लागतं, आणि त्या पावलात तो उघडा पडतो. दुसरा फरक हातांचा. लाँगस्वोर्डची आडवी पट्टी घसरत आलेलं पातं अडवते. कटानाला छोटी गोल चकती असते, तिच्या बाहेरून बोटं सहज सापडतात. तिसरा, दुधारी पात्याचा. वार अडवला गेला की मनगट फिरवून मागच्या धारेने पुन्हा मारता येतं. हे अंगात मुरायला मला पाच महिने लागले आणि अजूनही दहातून सात वेळा चुकतं. मात्र तो एकदा माझ्या टोकाच्या आत शिरला की माझी लांबी मलाच नडते. तिथे त्याची आखूड, वेगाने कापणारी तलवार सरस आहे, हे मान्य.

आम्ही वहीत निकाल लिहितो. ‘मी’, ‘तो’ आणि ‘दोघंही’ असे तीन रकाने. सगळ्यात भरलेला रकाना तिसरा. एकाने मारलं आणि त्याच श्वासात दुसऱ्यानेही मारलं. कॉलेजमधल्या इतक्या भांडणांत ‘दोघंही मेले’ असं उत्तर कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

फिओरे देई लिबेरी हा इटालियन उस्ताद १५व्या शतकाच्या सुरुवातीला अशा लढतींच्या धोक्याबद्दल लिहून गेलाय. तो स्वतः पाच वेळा धारदार तलवारींनी लढला होता, अंगात गादीसारखा अंगरखा, हातात नुसते कातडी मोजे, चिलखत नाही. त्याच्या मते तशा एका लढतीपेक्षा चिलखत घालून तीनदा रिंगणात उतरणं परवडलं. चिलखतात मार खाऊनही जिंकता येतं. उघड्या अंगाने एक बचाव चुकला की संपलं. आठ महिने अंगावर काळेनिळे डाग घेऊन हिंडल्यावर हे वाक्य फार पटतं.

आणि इथेच माझी कॉलेजातली बाजू कोसळली. लढत चिलखतातली असेल तर कटानाच काय, लाँगस्वोर्डचा वारही पोलादी पत्र्यावरून घसरतो. १५व्या शतकातला पूर्ण जामानिमा साधारण २० ते २५ किलोचा, पण तो सगळ्या अंगावर वाटलेला असतो. तो घालून माणूस धावू शकतो, पडला तर उठू शकतो. बुसिको नावाच्या फ्रेंच सरदाराबद्दल तर चिलखतासकट कोलांटी मारायचा असं लिहून ठेवलंय. माझ्याकडे तसलं काही नाही. एकाचा लोखंडी कड्यांचा अंगरखा मागून घेतला होता, सुमारे दहा किलोचा. पहिल्यांदा नुसता घातला तर खांदे भरून आले. कमरेला पट्टा आवळला तेव्हा निम्मा भार कमरेवर गेला आणि हालचाल जमली. दम मात्र लवकर लागला, आणि मुखवट्यामुळे श्वास अपुरा पडल्यासारखा वाटत राहिला. पत्र्याच्या डब्यावर केलेले माझे जुने विनोद त्या दुपारी मला आठवले.

पत्र्यासमोर नाइट करायचा काय, तर डाव्या हाताने स्वतःच्याच तलवारीचं पातं मधोमध धरून तिची आखूड बरची करायची आणि काखेत, जांघेत, डोळ्यांच्या फटीत टोक घुसवायचं. नाहीतर तलवार उलटी धरून मुठीकडच्या बाजूने हातोड्यासारखी हाणायची. फेडरने हे दोन्ही डाव हळू गतीत करून बघितले. पहिला जमतो. दुसरा कृपया कुणावर करू नका, मुखवटा असला तरी.

खरी झुंज कशी संपायची? पॅरिसमध्ये २९ डिसेंबर १३८६ रोजी ज्याँ द कारूज आणि जाक ल ग्री यांचं न्यायद्वंद्व, म्हणजे खटल्याचा निकाल लावणारी लढत, झालं. सुरुवात घोड्यावर, भाल्यांनी. शेवट जमिनीवर: मांडीला जखम झालेल्या कारूजने ल ग्रीला खाली पाडून मारलं. जपानमध्येही चिलखतातली झटापट शेवटी कुस्तीवर यायची, आणि चिलखताच्या फटीत खुपसायला वेगळा जाड पात्याचा खंजीर असे. शिवाय मध्ययुगातल्या सामुराईचं मुख्य हत्यार तलवार नव्हतंच. तो आधी घोड्यावरचा धनुर्धर. त्याला पन्नास पावलांवर उभं केलंत तर माझी वीतभर लांबी काय चाटायची आहे?

नियम बदलले की विजेताही बदलतो, हे मी आता वाद सुरू व्हायच्या आधीच सांगतो. आइसलंडच्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांमध्ये, द्वंद्वाची अट अशी येते, की जमिनीवर कापड अंथरायचं, प्रत्येकाला तीन ढाली, आणि कापडावर रक्त सांडलं की थांबता येतं. अशा लढतीत मी डोळे झाकून ढालवाल्यावर पैज लावीन. एका मित्राने मध्यभागी मूठ असलेली गोल लाकडी ढाल आणली होती. तिच्यासमोर फेडर घेऊन मी अर्धा तास फक्त लाकूड ठोकत होतो.

आता तक्रारी. मुठीवरचं चामडं चौथ्या महिन्यात सैल झालं, दोरा गुंडाळून चालवतोय. कडांवर बारीक दाते पडतात, ते दर आठवड्याला कानशीने घासावेच लागतात, नाहीतर कपडे फाटतात आणि हात कापतो. घामाने दोन दिवसांत गंजाचे ठिपके येतात. तेलाचा बोळा पिशवीतच ठेवा. पहिले हातमोजे पातळ घेतले आणि अंगठा तीन आठवडे सुजला. साध्या फेन्सिंगच्या मुखवट्यात डोक्याची मागची बाजू उघडी राहते, तिथे वेगळं आवरण लागतंच. ज्यांना नुसती भिंतीवर टांगायला तलवार हवी आहे त्यांनी फेडर घेऊ नये. दिसायला ती लांब पट्टीसारखीच दिसते.

तलवार मी ठेवतोय. पुढच्या महिन्यात रबरी खंजीर घेणार आहे, आणि सोबत जाड चटई. कटानावाल्याने दोन्हीचे निम्मे पैसे द्यायचं कबूल केलंय, कारण जमिनीवर पडल्यावर आमच्यापैकी कुणालाच काही येत नाही.