मामाची दोन घरे: भाच्याच्या हायस्कूलसाठी अमेरिका की कॅनडा

माझ्या नणंदेचा मुलगा सांगलीला नववीत होता, तेव्हा त्याला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी आणण्याचा विषय आमच्या घरात निघाला. त्याच्यासाठी मामाची दोन घरे होती: न्यू जर्सीतील एडिसनला माझ्या दिरांचे आणि कॅनडातील मिसिसागाला आमचे. दोन्हीकडे रिकामी खोली होती आणि दोन्हीकडे खर्च उचलण्याची तयारी होती; त्यातही दिरांचे घर उत्तम सरकारी हायस्कूलपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे सगळ्यांचे मत आधी तिकडेच झुकले होते. चार महिने नियम वाचून आणि कार्यालयांत विचारपूस करून झाल्यावर निर्णय उलटा झाला आणि दहावीनंतर तो आमच्याकडे आला. मराठी कुटुंबांत हा प्रश्न वारंवार निघतो आणि तो बहुधा 'कोणता देश चांगला' या अंगाने चर्चिला जातो. माझ्या मते मूल कितवीत आहे, ज्याच्या घरी ते राहणार त्या नातेवाइकाचा त्या देशातील कायदेशीर दर्जा काय आहे आणि कोणत्या प्रकारची शाळा कायद्याने खुली आहे, या तीन गोष्टींवर निर्णय अवलंबून असतो.

सुरुवातीला 'स्पॉन्सर' हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. पत्नीला किंवा मुलांना स्पॉन्सर करतात त्या अर्थाने भाच्याला किंवा पुतण्याला स्पॉन्सर करण्याची सोय या दोन्ही देशांत नाही. अमेरिकन नागरिक आपल्या भावंडांसाठी अर्ज करू शकतो, पण भारतीयांसाठी त्या वर्गातील प्रतीक्षा दीड दशकाहून अधिक असल्यामुळे आज शाळेत असलेले मूल तोवर एकवीस वर्षांचे होऊन त्या अर्जातून बाहेर पडते. कॅनडात भाच्याला स्पॉन्सर करता येते ते सहसा तो अनाथ आणि अठरा वर्षांखालील असेल तरच. आईवडील हयात असलेल्या मुलासाठी दोन्हीकडे विद्यार्थी म्हणून येण्याचाच रस्ता आहे, आणि मामाची भूमिका त्याच्या खर्चाची हमी देणे आणि त्याचे पालकत्व सांभाळणे एवढीच राहते.

अमेरिका: सरकारी शाळेचे एकच वर्ष

अमेरिकेत १९९६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार एफ-१ विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला सरकारी हायस्कूलमध्ये एकूण १२ महिनेच शिकता येते, आणि आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेसाठी हा व्हिसा मिळतच नाही. त्या १२ महिन्यांसाठीही शाळेचा प्रत्येक विद्यार्थ्यामागे जो पूर्ण, अनुदान वजा न केलेला खर्च येतो तो भरावा लागतो, आणि तो भरल्याची नोंद व्हिसाच्या मुलाखतीपूर्वी कागदोपत्री असावी लागते. न्यू जर्सीत हा आकडा वर्षाला २०,००० डॉलरच्या पुढे जातो.

माझे दीर वीस वर्षे त्या गावात प्रॉपर्टी टॅक्स भरत आहेत, तेव्हा शाळा भाच्याला विनाशुल्क घेईल ही त्यांची समजूत स्वाभाविक होती. ती खरी नाही. नातेवाइकाने कितीही कर भरलेला असो किंवा शाळा स्वतःहून फी माफ करायला तयार असो, एफ-१ विद्यार्थ्याच्या बाबतीत कायदा ती सवलत मान्य करत नाही. स्थानिक न्यायालयातून मामाने कायदेशीर पालकत्व घेतले तरी या नियमात फरक पडत नाही. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद देण्याचा अधिकार त्यासाठी प्रमाणित झालेल्या शाळांनाच आहे आणि सरकारी शाळा चालवणाऱ्या अनेक स्थानिक संस्थांनी (स्कूल डिस्ट्रिक्टांनी) ते प्रमाणपत्र घेतलेलेच नाही; त्यामुळे शाळेला विचारण्याचा पहिला प्रश्न फीचा नसून आय-२० देता का, हा आहे.

आता हिशेब साधा आहे. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असते, म्हणजे दहावी करून आलेल्या मुलाला डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, दोन वर्षे लागतात आणि सरकारी शाळा त्याला एकच देऊ शकते. दुसऱ्या वर्षासाठी त्याला परत जावे लागेल किंवा खासगी शाळेत बदली घ्यावी लागेल. खासगी शाळेला १२ महिन्यांची मर्यादा नाही, म्हणून अकरावी खासगी शाळेत आणि बारावी पैसे भरून सरकारी शाळेत अशी जोडणी करता येते. पण त्यासाठी दोन शाळांचे आय-२०, दोन प्रवेश आणि ऐन महत्त्वाच्या वर्षी शाळाबदल स्वीकारावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलाला एका वर्षात दोनदा नव्या वर्गात मित्र शोधायला लावणे मला पटले नाही, आणि दिरांनाही अखेर ते पटले नाही.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो सल्ला ओळखीच्या लोकांकडून सहज दिला जातो. 'पर्यटक व्हिसावर आणा आणि शाळेत नाव घाला, शाळा विचारत नाही' हे ऐकून कोणीही मुलाला आणू नये. शाळा व्हिसा तपासत नाही हे बहुधा खरे असते, पण पर्यटक व्हिसावर शाळेत शिकण्याची परवानगी नसते आणि त्या भंगाची नोंद मुलाच्या नावावर राहते. एफ-१ वर येऊन सरकारी शाळेचे हे नियम मोडले, तर देशाबाहेर सलग पाच वर्षे काढल्याशिवाय पुन्हा प्रवेश मिळत नाही, म्हणजे ज्या वयात तो तिथल्या विद्यापीठात जाणार असतो नेमकी तीच वर्षे हातून जातात.

ज्यांना एकच वर्ष हवे आहे त्यांच्यासाठी जे-१ या एक्स्चेंज व्हिसाचा मार्ग आहे. तो १५ ते साडेअठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात मान्यताप्राप्त संस्था यजमान कुटुंब ठरवते. अनुभव म्हणून तो चांगला असला तरी डिप्लोमा हे त्याचे उद्दिष्ट नाही.

कॅनडा: सरकारी शाळा, पण फी भरून

कॅनडात अशी एका वर्षाची मर्यादा नाही. सरकारी शाळा चालवणारी स्थानिक स्कूल बोर्डे परदेशी विद्यार्थ्यांना बारावी पूर्ण होईपर्यंत घेतात, त्याची फी घेतात, आणि बोर्डाच्या प्रवेशपत्रावर मुलाला स्टडी परमिट मिळते. आमच्यासारख्या कुटुंबाच्या दृष्टीने दोन देशांतला खरा फरक हाच आहे. मिसिसागा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत ही फी वर्षाला साधारण १५,००० ते १८,००० कॅनेडियन डॉलर असते. २०२४ पासून कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि त्यासाठी प्रांताचे पत्र आवश्यक केले, पण बारावीपर्यंतच्या शालेय विद्यार्थ्यांना त्या पत्राच्या अटीतून वगळलेले आहे. बातम्या वाचून घाबरलेल्या पालकांनी हा भेद लक्षात घ्यावा.

नातेवाइकाची जागा इथे कायद्याने ठरलेली आहे. १७ वर्षांखालील मूल आईवडिलांशिवाय येत असेल तर त्याला 'कस्टोडियन', म्हणजे तिथे त्याची जबाबदारी घेणारा पालक, असावाच लागतो, आणि तो कॅनडाचा नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट असावा लागतो. वर्क परमिटवर असलेला मामा कितीही सधन असला तरी ही जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि अनेक तरुण मराठी कुटुंबांची योजना इथेच अडते. त्यासाठीच्या जाहीरनाम्याची दोन पाने असतात: एकावर कस्टोडियनने कॅनडात आणि दुसऱ्यावर आईवडिलांनी भारतात नोटरीसमोर सह्या करायच्या असतात. आमचा अर्ज पहिल्यांदा रखडला तो सांगलीच्या पानावर वडिलांची सही होती आणि आईची राहिली होती म्हणून. दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि घटस्फोट किंवा निधन झाले असेल तर त्याची कागदपत्रे सोबत जोडावीत.

पैशाचा पुरावाही द्यावा लागतो. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च यांखेरीज एकट्या विद्यार्थ्याच्या राहणीखर्चासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून क्विबेक वगळता २२,८९५ कॅनेडियन डॉलरची रक्कम धरली आहे. मूल मामाकडे फुकट राहणार असले तरी तसे पत्र आणि मामाच्या उत्पन्नाचे कागद देऊन ते सिद्ध करावे लागते. पैसे आईवडील भारतातून पाठवणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे. शाळेच्या खर्चासाठी ती पुरून उरते.

खर्चाची शेजारी शेजारी मांडणी केली तर चित्र असे दिसते. न्यू जर्सीत सरकारी शाळेचे एक वर्ष २०,००० अमेरिकन डॉलरहून अधिक, आणि त्याला दुसरे वर्ष नाही. तिथल्या कॅथलिक डे स्कूलची फी साधारण तेवढीच, इतर खासगी डे स्कूल त्याच्या दुपटीपर्यंत, आणि चांगली बोर्डिंग शाळा ६०,००० च्या पुढे. मिसिसागात दोन वर्षांची मिळून फी अमेरिकन चलनात २५,००० च्या आसपास पडते. यावर दोन्हीकडे आरोग्य विमा, थंडीचे कपडे, फोन, बसपास आणि वर्षातून एकदा घरी जाण्याचे तिकीट असते. मूल घरचेच आहे म्हणून हे खर्च वेगळे मांडण्याचा संकोच वाटतो, पण आधी मांडलेले बरे असते.

अभ्यास आणि पुढचा रस्ता

ओंटारिओच्या डिप्लोमासाठी ३० क्रेडिट (उत्तीर्ण केलेल्या विषयांमागे मिळणारी), साक्षरता चाचणी आणि ४० तासांची समाजसेवा लागते. भारतातील दहावीपर्यंतच्या शिक्षणाचे किती क्रेडिट धरायचे ते शाळेचे मुख्याध्यापक ठरवतात, आणि वर्षाला साधारण आठ क्रेडिट होत असल्यामुळे दहावीनंतर आलेल्या मुलाला दोन वर्षांत डिप्लोमा शक्य असतो. अडचण येते ती इंग्रजीची. विद्यापीठासाठी बारावीचे इंग्रजी अनिवार्य आहे, आणि मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला आधी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात घातले तर दोन वर्षे अपुरी पडू शकतात. आमच्या भाच्याचे गणित वर्गात सर्वांपुढे होते आणि निबंधात तो मागे पडत होता. त्याला शेवटी उन्हाळी वर्ग करावे लागले. अशा मुलाला आणायचेच असेल तर आठवीनंतर आणून नववीपासून बसवणे मी अधिक योग्य समजते, जरी त्यात दोन वर्षांची फी जास्त जाते आणि मूल आईपासून दोन वर्षे आधी तुटते.

हायस्कूल केले म्हणून कॉलेजची फी कमी होत नाही, हे दोन्ही देशांत सारखेच आहे. पुढेही तो परदेशी विद्यार्थीच राहतो, आणि कॅनडात शाळेच्या वर्षांवर पदवीनंतरचे वर्क परमिटही मिळत नाही. उलट दिशेचा, म्हणजे भारतात परत येऊन शिकण्याचा, विचार तर बहुतेक जण करतच नाहीत. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातल्या संस्थांतून केलेली असणे सामान्यतः आवश्यक असते. डॉक्टर होण्याची शक्यता मुलाच्या मनात जरा तरी असेल, तर बारावी परदेशी करणे म्हणजे ही दारे स्वतः बंद करणे होय. नणंदेच्या धाकट्या मुलीला आम्ही याच कारणासाठी आणले नाही.

इतर देशांचा विचार थोडक्यात करता येतो. ब्रिटनमध्ये चाइल्ड स्टुडंट व्हिसा खासगी शाळांसाठीच आहे, १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, आणि त्यामुळे सामान्य नोकरदार मामाला तो झेपण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी शाळा फी घेऊन परदेशी मुलांना घेतात आणि २१ वर्षांवरील मामा, मावशी, काका किंवा आत्या पालक म्हणून चालतात. पण चुलत आणि मामे भावंडे त्या व्याख्येत येत नाहीत. तिथले वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होत असल्यामुळे मे महिन्यात दहावीचा निकाल लागलेल्या मुलाचे सहा-आठ महिने मध्ये जातात.

घर

कागदांवर कुठेही मामीच्या सहीची जागा नसते, पण सकाळी सहा वाजता डबा, ताप आला की रात्रीचे जागणे, शाळेचे फोन आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीची समजूत हे काम बहुधा तिच्याकडेच येते. म्हणून निर्णयाच्या बैठकीत तिने हो म्हणणे हे नवऱ्याच्या होकाराहून वेगळे धरावे. माझी तयारी होती, माझ्या जाऊबाईंची तेव्हा नव्हती, कारण त्यांच्या नोकरीत रात्रपाळ्या होत्या. त्यांनी ते पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. मुलाने रात्री कितीपर्यंत बाहेर राहायचे, गाडी शिकायची की नाही, गुण कमी आले तर कोण बोलणार, हे आईवडिलांशी आधीच ठरवावे. सांगलीहून दर रविवारी येणारा फोन आणि घरात रोज लागू असलेले नियम यांत अंतर पडू लागले की मुलाची कुचंबणा होते. आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात ती झाली, आणि नणंदेने स्वतः 'घरात मामी सांगेल तसे' असे त्याला सांगितल्यावरच ती सुटली. उपचारांसाठीचे संमतिपत्रही आईवडिलांकडून लेखी घेऊन ठेवावे.

ज्यांचे ठरले आहे त्यांनी आधी पासपोर्ट पाहावा. भारतात अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो, आणि स्टडी परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिले जात नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांना मात्र पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. तो आधी काढून घ्यावा, बोर्डाकडे नववीच्या गुणपत्रिकेवर हिवाळ्यातच अर्ज करावा, आणि दहावीचा निकाल हाती येईपर्यंत दोन्ही नोटरींची पाने तयार असावीत. सप्टेंबरची शाळा गाठायची तर मे महिन्यात सुरुवात करून वेळ पुरत नाही.