ॲबस्ट्रॅक्ट फोटो काढायचेत, पण आयसीएम, मल्टिपल एक्स्पोजर, मॅक्रो की सायनोटाइप?

"काहीतरी वेगळं काढायचंय, ॲबस्ट्रॅक्ट टाइप, सुरुवात कशाने करू" असं कोणी विचारलं की बाकीचे आधी कॅमेरा कुठलाय ते विचारतात. मी दुसरंच विचारते. समजा एक फोटो एकदम भारी आला, आणि उद्या डिट्टो तसाच काढायला गेलात आणि काही केल्या जमला नाही, तर डोकं फिरतं की मजा येते?

याचं खरं उत्तर दिलंत तर अर्धा निर्णय तिथेच झाला, कारण हे चार प्रकार सगळीकडे एकाच नावाखाली येतात पण स्वभावाने एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. मी चारही केलेत, दोन टिकले, एक अधूनमधून करते आणि एकाशी माझं अजून पटत नाही.

आयसीएमपासून सुरू करू. इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट, म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा, जे करू नका म्हणून आपल्याला पहिल्या दिवशी सांगतात नेमकं तेच. शटर साधारण १/४ ते १ सेकंद हवा, आणि इथेच बहुतेक जण पहिल्या दिवशी अडकतात, कारण कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ (लेन्सचं भोक अगदी बारीक) ठेवलं तरी शटर १/१२५ च्या आसपास येतो, तेवढ्यात हात कितीही फिरवा काही खास होत नाही. १/१२५ वरून १/२ वर यायला ६ स्टॉप प्रकाश कापावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी ६४ फिल्टर, लेन्ससमोर लावायची काळपट काच. नसेल तर ढगाळ दिवसाची संध्याकाळ किंवा सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास, फिल्टरशिवाय काम होतं.

आता झाडांची एक रांग समोर धरा. कॅमेरा वरून खाली हलवला की खोडं उभी ताणली जातात, पानांचा हिरवा आणि मधल्या फटीतला उजेड त्यांच्यात मिसळतो आणि झाडं गेली पण झाडी राहिली असं काहीतरी दिसतं. समुद्र असेल तर आडवा हलवा. पण हाताची एक गोष्ट कोणी धड सांगत नाही: आधी कॅमेरा हलवायला लागायचं, मग हलता हलताच बटण दाबायचं, आणि शटर बंद झाला तरी हात पुढे जाऊ द्यायचा. बटण दाबून मग हलवलंत की प्रत्येक रेघेच्या टोकाला गाठ पडल्यासारखा ठिपका येतो आणि फोटो गचका खाल्ल्यासारखा दिसतो. आणि हो, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर तुम्ही हलवताय आणि ते बिचारं थांबवतंय.

आयसीएमचा हिशोब असा आहे की तासाभरात १५० फ्रेम निघतात, त्यातल्या ४ ठेवण्यासारख्या असतात आणि त्यातली १ खरंच चांगली. ती परत येत नाही. सेटिंग लिहून ठेवलं तरी येत नाही, कारण हाताचा वेग आणि कोन कुठे लिहिणार? ज्याला हे पचतं त्याच्यासाठी याच्यासारखी मोकळी गोष्ट नाही. मला सुरुवातीला पचलं नव्हतं, तेव्हा वैतागून सोडून दिलं होतं आणि वर्षभराने परत आले. आणि हे काही कालचं फॅड नाही बरं का, अर्न्स्ट हास या फोटोग्राफरने १९५० च्या दशकात बुलफाइटचे रंगीत फोटो मंद शटरवर काढले होते, त्यात बैल आणि माणूस दोघंही रंगाच्या फटकाऱ्यांसारखे वाहतात. फक्त तिथे हलत होतं ते समोरचं, आयसीएममध्ये बहुतेक वेळा आपण हलतो.

तीच झाडांची रांग, आता मल्टिपल एक्स्पोजर. इथे हातापेक्षा डोकं जास्त लागतं. एकाच फ्रेमवर दोन किंवा जास्त फोटो चढवायचे. ॲडिटिव्ह मोडमध्ये प्रकाशाची बेरीज होते म्हणून प्रत्येक फोटो कमी एक्स्पोज करावा, म्हणजे गडद काढावा लागतो: २ फोटो असतील तर प्रत्येकी १ स्टॉप कमी, ४ असतील तर २ स्टॉप, ८ असतील तर ३. ॲव्हरेज मोड असेल तर कॅमेरा हे स्वतःच बघतो, सुरुवातीला तोच ठेवा.

पण खरी किल्ली ही नाहीच. खरी किल्ली ही की पहिल्या फोटोत जिथे काळोख आहे तिथेच दुसरा फोटो उठून दिसतो, जिथे आधीच पांढरंफेक आहे तिथे दुसऱ्याला जागाच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. आकाशासमोर उभ्या माणसाची काळी आकृती आधी घ्या, आकाश जवळजवळ उडालेलं, मग त्यावर पानांचा क्लोजअप, आणि पानं बरोबर माणसाच्या आकारातच भरतात, जणू कोणी कापून चिकटवली. डार्क मोडमध्ये याच्या उलट होतं, गडद ते टिकतं. अनेक कॅमेऱ्यांत हे मोड असतात पण मेनूत इतके खोल पुरलेले की लोकांना आपल्याकडे ते आहेत हेच माहीत नसतं.

किंवा झाडाभोवती गोल फिरत फोटो काढा, झाड दर वेळी फ्रेमच्या मधोमध, आणि मग सगळे एकावर एक. पेप व्हेंटोसा हा फोटोग्राफर यासाठीच ओळखला जातो. खोड जागच्या जागी राहतं आणि आजूबाजूचं सगळं धुरकट होऊन भोवऱ्यासारखं फिरतं. हे कॉम्प्युटरवरही होतं, लेयरची ओपॅसिटी (तो किती अपारदर्शक ते) खालून वर १००, ५०, ३३, २५ टक्के अशी उतरवत जायची म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. सगळ्यांना ५० दिलंत तर वरचाच फोटो दिसेल आणि खालचे मेहनत करून गेले वाया.

आयसीएमशी तुलना करायची तर इथे फ्रेम कमी निघतात, विचार जास्त होतो, आणि परत काढायचा झाला तर पूर्ण तसाच नाही पण त्याच्या भावासारखा फोटो नक्की काढता येतो. धोका एकच, ते 'आयडिया' दिसायला लागतं. चेहऱ्यात जंगल, चेहऱ्यात शहर, चेहऱ्यात ढग. पहिले चार भारी वाटतात आणि पाचव्याला आपल्यालाच कंटाळा येतो.

मॅक्रोवाले, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या करून काढणारे, वेगळ्या जातीचे असतात. त्यांना टेबल लागतं, दार बंद लागतं, आणि मधे कोणी बोललेलं चालत नाही. मी त्यातलीच. १:१ मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराची, तर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरवर ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा पूर्ण फ्रेम भरतो, एफ ८ ला शार्प भाग जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा मिळतो, आणि प्रकाशाच्या हिशोबाने तो एफ ८ एफ १६ सारखा वागतो म्हणजे २ स्टॉप गेलेच. महागडी मॅक्रो लेन्स लगेच घेऊ नका. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावली की निम्म्या आकाराचं मॅग्निफिकेशन तिथेच मिळतं, वर लेन्सचं स्वतःचं जे थोडं असेल ते. गंज, सोललेला रंग, कापडाचे धागे, साबणाचा फुगा, सगळं चालतं.

पण यातला माझा सगळ्यात लाडका प्रकार फोनवरही होतो. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरी करा, ब्राइटनेस फुल्ल. तिचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा. लेन्ससमोर पोलरायझर फिल्टर (एका दिशेचाच प्रकाश सोडणारी काच) धरा, नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच, आणि हळूहळू फिरवा. एका कोनावर अख्खी स्क्रीन काळी होते. आता मधे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा, शाळेतली असते तशी. काळ्या पार्श्वभूमीवर ती पट्टी अचानक पेटते, जांभळा, हिरवा, पिवळा, आकडे छापलेत तिथून सरळ पट्टे आणि टोकाच्या भोकाभोवती रंगांची वर्तुळं दाटीवाटीने. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरातले सगळे प्लास्टिकचे चमचे, डब्यांची झाकणं, कॅसेटची कव्हरं काढून बसले होते. कारण असं की साच्यात ओतलेलं प्लास्टिक गार होताना त्यात ताण अडकून राहतो, त्या ताणामुळे आत शिरलेला पोलराइज्ड प्रकाश दोन वेगवेगळ्या वेगांनी जातो, आणि फिल्टर तो फरक रंगात दाखवतो. चिकटपट्टीचे तुकडे काचेवर एकावर एक आडवेतिडवे लावले तर दर थराला रंग बदलतो, आणि मग चित्र तुम्ही ठरवाल तसं.

दोन गोष्टी सांभाळा. सर्क्युलर पोलरायझर हातात उलटा धरला तर स्क्रीन काळी होतच नाही, मग लोकांना वाटतं फिल्टर खराब आहे, फक्त उलटून बघा. आणि वस्तू स्क्रीनला चिकटवून ठेवू नका, वीतभर पुढे धरा, नाहीतर स्क्रीनचे पिक्सेल जाळीसारखे फोटोत येतात. हा फोटो उद्या परत तसाच काढता येतो, महिन्याने पण, फक्त पट्टी जपून ठेवायची. ज्यांचं डोकं फिरणाऱ्यांपैकी आहे त्यांनी डोळे झाकून इथून सुरुवात करावी.

सायनोटाइपला कॅमेराच लागत नाही. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळं कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन द्रावणं मिसळून मंद उजेडात कागदावर ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची, वर वस्तू ठेवून काच दाबायची आणि उन्हात. उजेड लागेल तिथे धुतल्यावर निळं, झाकलेलं तिथे पांढरं. हातमोजे घाला, आणि फेरिसायनाइड तीव्र ॲसिडजवळ नेऊ नका, तापवूही नका, विषारी वायू निघू शकतो.

माझे पहिले सहा कागद वाया गेले ते घाईमुळे. उन्हात कागद निळा दिसला की मला वाटायचं झालं, उचलून पाण्यात टाकायचे, आणि निळा रंग डोळ्यांदेखत वाहून जायचा, उरायचा तो फिकट धुवट डाग. खरं तर गडद भाग निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी, धातूसारखा दिसेपर्यंत ठेवायचा असतो, आपल्याला जळाला असं वाटेपर्यंत, मग धुतल्यावर तो बरोबर उतरतो. आणि वाळताना दिवसभरात अजून गडद होतो. हे सगळं ऊन, ढग, कागद यांच्या मर्जीवर. चारांपैकी सगळ्यात संथ हेच, पण शेवटी हातात एक वस्तू येते, दुसरी कॉपी नसलेली, आणि बाकी तिघांत शेवटी फाइलच असते. माझं पटत नाही ते याच्याशीच, मला एवढा धीर नाही. ज्यांना चित्रकला, शिवण, झाडं लावणं असल्या गोष्टी जमतात त्यांना बहुतेक हेच आवडतं असं मी पाहिलंय.

लाइट पेंटिंगचं नाव कोणीतरी काढेलच. १९४९ मध्ये ज्यॉन मिली या फोटोग्राफरने पिकासोला अंधारात टॉर्चने हवेत चित्रं काढायला लावली, ते फोटो आजही बघावेत असे आहेत. पण तिथे पिकासो होता. आपण केलं की वर्तुळं आणि नावं निघतात. मित्रांसोबत एक संध्याकाळ मजा म्हणून ठीक, मी निवडीत धरत नाही.

आणि "हे कसले फोटो, काही दिसतच नाही" असं घरचे म्हणणारच. ॲल्विन लँग्डन कोबर्न या फोटोग्राफरने १९१७ मध्येच तीन आरशांचा त्रिकोण करून त्यातून फोटो काढले होते, तेव्हा तुम्ही शंभरेक वर्षं उशिरा आलाय, लाजायचं कारण नाही.

तर फक्त फोन असेल आणि एक संध्याकाळ असेल तर लॅपटॉप आणि पट्टी, दुसरा विचार नको. कॅमेरा आहे, रोज चालायला जाता आणि निकालाची फिकीर नाही, तर आयसीएम, पण निदान महिनाभर द्या. आधीच फोटो बरे काढता आणि आता रचनेत अडकल्यासारखं वाटतंय, तर मल्टिपल एक्स्पोजर, चेहरे आणि ढग टाळून. स्क्रीनचा वीट आलाय, तर सायनोटाइप. दोन एकदम सुरू करू नका, मी केलं होतं, दोन्हीत अर्धवट.

आयसीएम घेतलंत तर एवढं ऐका, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर बघून काही डिलीट करू नका. माझा सगळ्यात आवडता फोटो मी त्या दिवशी उडवणारच होते, तेवढ्यात बॅटरी संपली.