१८० × ६० × ७५ की १८० × ७५ × ६०? मोठ्या रीफ टँकची मापं आणि दिवे

मोठा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, घ्यायचं पक्कं झालं की बहुतेक जण थेट दिव्यांच्या चर्चेत शिरतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. दिवे पुढे कधीही बदलता येतात, काचेच्या बाबतीत ती सोय नाही. शिवाय दिवे कोणते आणि किती लागतील, हे टाकीची रुंदी आणि उंचीच ठरवते. रुंदी म्हणजे इथे समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर. या एका मापाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दोन टाक्या घेऊ. पहिली १८० सेंमी लांब, ६० रुंद, ७५ उंच. दुसरी १८० लांब, ७५ रुंद, ६० उंच. दोन्हींत काठोकाठ ८१० लिटर पाणी मावतं. वजनातही फार फरक नाही: खारं पाणी, काच, खडक आणि स्टँड धरून दोन्ही टनाच्या वर जातात, त्यामुळे जमिनीला हा भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायलाच हवं.

उंच टाकी खोलीत शिरताक्षणी नजर खेचून घेते, हे खरं. पण पाण्याचा दाब उंचीबरोबर वाढतो आणि काचेवरचा एकूण भार उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० सेंमी उंचीला समोरच्या काचेवर साधारण ३३० किलोंचा भार येतो, ७५ सेंमीला सुमारे ५२० किलोंचा. म्हणजे काच जाड हवी, जोड जास्त भक्कम हवेत आणि खर्चही त्याच हिशोबाने चढतो.

रोजच्या कामाचं बघा. स्टँड ८५ सेंमीचा धरला तर उंच टाकीचा काठ जमिनीपासून १६० सेंमीवर येतो. तळाला पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलायला स्टुलावर चढायचं, खांद्यापर्यंत हात बुडवायचा आणि तरी बोटं वाळूला जेमतेम टेकतात. लांब चिमटा मिळतो, पण चिमट्याने प्रवाळ चिकटवणं म्हणजे शेजारची फांदी मोडण्याची तयारी ठेवणं. ६० सेंमी उंचीत बहुतेकांचा हात तळाला पोचतो. जिथे हात पोचतो तिथलीच सफाई वेळेवर होते.

आता रुंदी. ६० सेंमीतून मागच्या ओव्हरफ्लोला, म्हणजे वरचं पाणी बाहेर नेणाऱ्या कप्प्याला, १५ जातात. त्याच्यापुढे पाणी फिरायला १० सोडावे लागतात आणि समोर काच घासायच्या चुंबकाला आणखी १०. खडकाला उरतात २५ सेंमी. एवढ्यात खडकाची भिंतच उभी राहते, दुसरं काही जमत नाही. ७५ रुंदीत तेच सगळं वजा जाऊन ४० उरतात. मग दोन वेगळी बेटं, मधून घळ, पुढे आलेला कडा असं काहीतरी रचता येतं. प्रवाळ वाढल्यावर एकमेकांना डसत नाहीत आणि पंपाचा झोत खडकामागे अडून तिथे घाण साचत नाही. वायूंची देवाणघेवाण जिथे होते तो पृष्ठभागही १.०८ चौरस मीटरवरून १.३५ वर जातो.

मग रुंदी ९० का नको? मागचा कोपरा हाताबाहेर जातो, म्हणून. टाकी दोन-तीन बाजूंनी मोकळी असेल तर जरूर घ्या. भिंतीला लावणार असाल तर ७५ वर थांबा.

तिसरा पर्याय २४० × ६० × ६०, म्हणजे ८६४ लिटर. हा माशांसाठी. टँग जातीचे मासे आडवे, लांब पल्ल्याने पोहतात. पिवळा टँग १८० सेंमीत छान राहतो, पण ४० सेंमीपुढे वाढू शकणाऱ्या नासो टँगला ही जास्तीची लांबी खरंच लागते. फक्त एवढी काच दारातून, जिन्याच्या वळणावरून आत येईल का, ते आधी मोजा.

प्रवाळांपर्यंत पोचणारा प्रकाश पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश) मीटरने मोजतात, मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात. मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरतो, युफिलियासारख्या एलपीएसना (मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना) ७५ ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसना (लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांना) २०० ते ३५० द्यावा लागतो. टाकीत खाली प्रकाश घटतो तो मुख्यतः किरण पसरत गेल्यामुळे. स्वच्छ पाणी तेवढ्या अंतरात फार थोडा शोषतं. म्हणून ७५ सेंमीच्या तळाला १५० पोचवायचे ठरवले तर वरच्या थरातले प्रवाळ भाजून निघतात, त्यांच्यातलं शैवाल बाहेर पडतं आणि ते पांढरे होतात. ६० सेंमीत वरखालचा हा फरक आटोक्यात राहतो.

पण रुंद टाकीची एक किंमत आहे. एलईडीचा एक दिवा साधारण ६० × ६० सेंमी नीट उजळतो. त्यामुळे ६० रुंदीला तीन दिव्यांची एक रांग पुरते. ७५ ला तेवढ्यात पुढची-मागची कड अंधारी राहते. दोन रांगा लावा, नाहीतर एलईडीच्या दोन्ही बाजूंना टी५, म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळ्या.

मेटल हॅलाइड या जुन्या, प्रखर बल्बच्या दिव्यांची झळाळी मला आजही आवडते. तळाच्या वाळूवर हलणारी प्रकाशाची जाळी इतकी सुंदर दुसऱ्या कशात दिसत नाही. पण २५० वॅटचे तीन म्हणजे ७५० वॅट, वर उष्णता, म्हणून पाणी थंड करणारा चिलर, शिवाय वर्षभरात बल्ब बदलायचे. नवीन टाकीला मी सुचवणार नाही.

टी५ चा प्रकाश सर्वात समान. प्रत्येक नळीला स्वतंत्र रिफ्लेक्टर असेल तर सावल्या जवळपास पडतच नाहीत. ३९ वॅटची नळी ८५ सेंमी असते, दोन टोकाला टोक लावल्या की १८० च्या टाकीला बरोब्बर बसतात. २४० ला ५४ वॅटच्या, ११५ सेंमीच्या दोन. नळ्या ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात. आणि त्यांत पारा असल्याने फ्लुरोसंट नळ्या जगभर बाजारातून मागे पडत आहेत, हेही हिशोबात धरा.

एलईडीत तीव्रता, रंग, उजाडणं-मावळणं सगळं हातात असतं. उणीव सावलीची. अ‍ॅक्रोपोराची वसाहत मुठीएवढी असेपर्यंत काही कळत नाही. ती ताटाएवढी पसरली की वरच्या फांद्या खालच्यांवर अंधार धरतात. खालची टोकं आधी तपकिरी पडतात, मग बुडापासून पांढरी होत जातात. वरून येणारा प्रकाश जितक्या जास्त दिशांनी येईल, तितकं हे टळतं.

म्हणून एसपीएस ठेवायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: १८० × ७५ × ६०, मधोमध एलईडीची रांग, पुढे-मागे दोन-दोन ओळी टी५. फक्त एलपीएस आणि मऊ प्रवाळ हवे असतील तर टी५ चा खटाटोप नको, एलईडीच्या दोन रांगा मंद चालवा. उंच टाकी मी एकाच परिस्थितीत घ्यायला सांगेन: जागाच ६० सेंमीची आहे आणि प्रवाळ कमी प्रकाशावर भागणारे आहेत. तिथे अँथियास या छोट्या माशांचा थवा वरच्या पाण्यात मोकळा पोहतो आणि त्या उंचीचं खरंच चीज होतं.

पार मीटर विकतच घ्यायला हवा असं नाही, चार दिवस कुणाकडून मागून आणा. खडक रचून झाले की, प्रवाळ चिकटवण्याआधी, टाकीत पाणी भरून प्रत्येक कड्यावर आणि कोपऱ्यात आकडा घ्या. सुरुवात ४०-५० टक्क्यांवर करा, काही आठवड्यांत हळूहळू चढवा आणि दिवसाला ८ ते १० तासांच्या पुढे जाऊ नका. प्रकाश वाढवला की प्रवाळांची वाढ होते आणि पाण्यातल्या अल्कलिनिटी (मुख्यतः कार्बोनेट) व कॅल्शियमचा खपही वाढतो. तेव्हा त्या काळात चाचण्या नेहमीपेक्षा दुप्पट वेळा करा.